आधी सोल उलटा करून बघा

प्रश्न : तांडेलकाका, आम्ही चौघे मित्र दर हिवाळ्यात रेवदंड्याहून फायबरची होडी भाड्याने घेऊन गळाने मासे मारायला जातो. माझे बूट ट्रेकिंगचे आहेत. सोलला चांगले खोल दात आहेत, गडावर आजवर कधी पाय घसरला नाही. पण जानेवारीत गळाला सुरमई लागली, ती आत घेतली आणि उचलायला वाकलो तोच दोन्ही पाय एकदम निघाले. डोकं काठावर आपटता आपटता वाचलं. दुकानदार म्हणतो गमबूट घ्या. मित्र म्हणतात अनवाणी बरं. ऑनलाइन आठ-दहा हजारांचे डेक बूटही दिसतात. नक्की काय घेऊ?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वाचलात, हे फार बरं झालं. मी तेवढ्यावर सुटलो नव्हतो. 1996 च्या डिसेंबरात आम्ही हर्णैच्या बाहेर रात्री जाळं ओढत होतो. त्या दिवशी म्हाकूल, म्हणजे स्क्विड, भरपूर आलं होतं आणि डेकभर त्याची काळी शाई झाली होती. पायात कोरे गमबूट, तुमच्यासारखेच खोल दातांचे. मी दोर धरून मागे रेललो, टाच निसटली आणि डावा गुडघा विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राच्या, लोखंडावर बसला. तो हंगाम मी घरी काढला. बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे ते बूट उलटे करून नीट पाहिले. तेव्हापासून कुठलाही बूट हातात आला की मी आधी सोल बघतो, रंग आणि किंमत मागाहून.

गडाच्या वाटेवर माती असते, मुरूम असतो, खडी असते. बुटाचे दात त्यात रुततात आणि पाय धरून ठेवतात. फायबरच्या डेकमध्ये काय रुतणार? तिथे पकड मिळते ती रबर डेकला जेवढा चिकटेल तेवढीच. दात मोठे आणि एकमेकांपासून दूर दूर असले की डेकला टेकणारा रबर उलट कमी होतो. शिवाय दगडावर झिजू नये म्हणून ट्रेकिंगच्या बहुतेक बुटांचा रबर कडक ठेवलेला असतो, आणि कडक रबर ओल्या गुळगुळीत जागी सरकतो. त्यात तुमच्या सुरमईची बुळबुळ. पाणी आणि बुळबुळीचा पातळ थर सोलखाली अडकला की पाय डेकवर राहत नाही, त्या थरावर तरंगतो.

म्हणून होडीसाठी सोल हवा मऊ रबराचा, बराचसा सपाट, आणि त्याला बारीक, जवळजवळ, नागमोडी खाचा. पाय दाबला की पाणी त्या खाचांतून बाहेर पडतं आणि खाचांच्या धारदार कडा डेक पुसून घेतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत पॉल स्पेरी नावाचे एक शिडाच्या होड्यांचे शौकीन होते. आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो कसा, हे बघायला त्यांनी त्याचे पंजे तपासले, तळव्यावरच्या भेगा पाहिल्या आणि रबराच्या सोलमध्ये तशाच चिरा पाडल्या. 1935 साली त्यातून डेकवर घालायचे बूट निघाले. आज चांगल्या डेक बुटाचा सोल वाकवून पाहिलात तर त्या चिरा उघडताना दिसतील.

आता दुकानात काय करायचं ते सांगतो. माझ्याकडे मोडीत निघालेल्या होडीच्या फायबरचा पाटाएवढा तुकडा आहे. पोरांबरोबर बूट घ्यायला जाताना तो पिशवीत घेऊन जातो. दुकानाच्या पायरीवर तो ठेवायचा, वर पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकायचे, दाराची चौकट हाताने धरायची आणि बूट घालून एका पायावर उभं राहून टाच पुढे ढकलायची. जो बूट तिथे सरकला, तो म्हाकुलाच्या शाईवर तुम्हाला उभं राहू देणार नाही. फायबर मिळालं नाही तर गुळगुळीत फरशीचा तुकडा चालतो. कोऱ्या बुटाच्या सोलवर मात्र साच्यातून निघताना लागलेला तेलकट थर असतो, त्यामुळे चांगला बूटही पहिल्या दिवशी घसरतो. साबणाने घासून धुवा, वरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, मग परीक्षा घ्या. मी 1996 मध्ये हे केलं नव्हतं.

दुसरी परीक्षा नखाची. सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. किंचित रुतून खूण लगेच भरून आली तर रबर मऊ आणि जिवंत आहे. नख सरकलं तर तो बूट ठेवून द्या.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. होडीवर जे मोजे घालणार, तेच घालून बघा. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा हवी आणि चालताना टाच आत वरखाली होता कामा नये. टाच हलली की फोड येतो, आणि पाय बुटाच्या आत घसरत असेल तर सोलच्या पकडीचा काय उपयोग? आपल्याकडचे पाय पुढून रुंद असतात, लहानपणी अनवाणी वाढलेल्यांचे तर जास्तच. परदेशी साच्यावरचे बूट करंगळीला चावतात. लोक मग एक नंबर मोठा घेतात आणि टाच ढिली होते. रुंद पंजाचा बूट शोधा, नंबर वाढवू नका.

उंची तुमच्या कामाला घोट्याच्या वर सहा ते आठ इंच पुरे. गुडघ्यापर्यंतचा गमबूट हा जाळं ओढणाऱ्याचा. गळाने मासे मारणाऱ्याला आपल्या उन्हात तो नुसता घामाचा डबा होतो. नाडीचा बूट मी घेऊ देत नाही. नाडी, बक्कल, हूक, काहीही लोंबतं असलं की गळ किंवा दोर त्यात अडकणारच. बूट ओढून चढवायचा आणि ओढून काढता येणारा असावा. पँट बुटात खोचू नका, बाहेर ठेवा, म्हणजे वरून आलेलं पाणी बुटाबाहेर ओघळतं. रंग पांढरा किंवा फिका घ्या. काळा बूट जानेवारीतही दुपारी बारानंतर तापतो.

मित्र अनवाणी म्हणतात, त्यांचंही ऐकलं पाहिजे. माझे वडील आयुष्यभर अनवाणी राहिले. त्यांची पायाची बोटं फळीला अशी धरायची की बघत राहावं. पकडीपुरतं बोलायचं तर सवयीचा उघडा पाय वाईट नाही. पण शिंगाळा माशाचा काटा तळव्यात एकदा मोडला की माणूस आठवडाभर पाय टेकवत नाही. पाकट माशाच्या शेपटीची नांगी त्याहून वाईट. डेकवर पडलेला गळ तर दिसतही नाही. शहरातून आलेल्या मऊ तळव्यांनी अनवाणी उभं राहू नये. आणि असा काटा लागलाच तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग दवाखान्यात जा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

आठ-दहा हजार घालायची गरज नाही. त्या बुटांत शिवण चांगली असते, आतली गादी चांगली असते, ऐपत असेल तर जरूर घ्या. पण फरशीच्या परीक्षेत उतरलेला दीड हजाराचा बूट मी डोळे मिटून घालीन. आणि पुढच्या वेळी मासा आत आला की आधी बादलीभर पाणी डेकवर ओता, मग वाका.

प्रश्न : माझ्या बोटीवर आठ खलाशी आहेत. 1 ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठेल, त्याआधी सगळ्यांना बूट घ्यायचे आहेत. दरवर्षी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचे घेतो, दिवाळी झाली की ते कडक होतात आणि पोरं घालायचं सोडतात. रबराचे घेऊ का? पुढे लोखंडी टोपी असलेले घ्यावेत का?
— एक नाखवा, देवगड

उत्तर : तुम्ही पोरांच्या पायांचा विचार हंगामाआधी करता आहात, याचा मला आनंद वाटला. जून-जुलैचे 61 दिवस बोट किनाऱ्यावर झाकून शाकारलेली असते, तेव्हाच ही खरेदी होते. एकदा हंगाम सुरू झाला की कोणी बूट बघत नाही.

पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे. ऊन, डिझेल आणि माशाचं तेल ते द्रव्य हळूहळू ओढून घेतात, मग बूट कडक होतो आणि घोट्यापाशी तडकतो. साधा रबर ओल्यावर पीव्हीसीपेक्षा छान धरतो, पण डिझेल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. नायट्राइल मिसळलेला रबर किंवा नायट्राइलयुक्त पीव्हीसी तेलाला जास्त टिकतं. म्हणून डेकवर जाळं ओढणाऱ्या सहाजणांना रबराचे द्या, आणि इंजिनकडे ये-जा असणाऱ्या दोघांना नायट्राइलचे. सगळ्यांना एकच माल घ्यायचा हट्ट सोडा.

बुटावर आयएसआयचा शिक्का आणि आकडा बघा. पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांसाठी आयएस 12254 आणि रबरी बुटांसाठी आयएस 5557 हे भारतीय मानक आहे. बाहेरून आलेल्या बुटांवर एसआरए, एसआरबी, एसआरसी अशी अक्षरं असतात. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या फरशीवर तपासलेला, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, आणि एसआरसी दोन्हींवर. 2022 नंतरच्या नव्या मानकात ही तीन अक्षरं गेली. साबणाची कसोटी आता सगळ्यांनाच बंधनकारक आहे, आणि ग्लिसरीनवरही उतरलेल्या बुटावर नुसतं एसआर लिहितात. आपल्या कामाला ग्लिसरीनची कसोटी जवळची, कारण माशाची बुळबुळ त्याच जातीची.

लोखंडी टोपी ट्रॉलरच्या जाळ्याच्या जड फळ्या हलवणाऱ्याला आणि बर्फाचे क्रेट खणात उतरवणाऱ्याला हवी. बाकीच्यांना ती ओझं होते. टोपीवरचा रबर फाटला की खारं पाणी आत जातं, लोखंड गंजतं आणि बोटं सोलतात. फायबरच्या टोपीचे बूट मिळतात, पैसे थोडे जास्त पडले तरी तेच घ्या.

एक विनंती आहे. आठजणांना एकच आठ नंबर आणू नका. प्रत्येकाला कागदावर उभं करून पेन्सिलने पाऊल काढून घ्या आणि कागदांची गुंडाळी दुकानात न्या. पोरं बूट घालायचं सोडतात त्यात कडकपणाइतकाच वाटा चुकीच्या मापाचा असतो. आणि डेकला या वर्षी रंग देणार असाल तर विंचपुढचा चौकोन आणि जाळं आत येतं ती बाजू, एवढ्या दोन जागांवर ओल्या रंगात बारीक चाळलेली वाळू भुरभुरवा आणि वरून रंगाचा आणखी एक हात द्या. आमच्या बोटीवर आम्ही हेच केलं होतं. बुटांचा निम्मा भार ती वाळू उचलते.

प्रश्न : माझे मिस्टर खलाशी आहेत. बोटीवरून आले की बोटांच्या बेचक्यात पांढरं पडून फाटलेलं असतं, खाज आणि वास. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा आलं. त्यांना शुगरही आहे. बूट बदलू का?
— एक भगिनी, सातपाटी

उत्तर : ताई, या चिखल्या आहेत, आणि बूट बदलून त्या जात नाहीत, बूट वाळवून जातात. पण शुगर आहे म्हणून आधी डॉक्टरांना पाय दाखवा. साखरेने पायाची जाणीव कमी होते, फाटलेली जागा चिघळली तरी दुखत नाही. मेडिकलमधल्या चार दिवसांत बरं करणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दबते, बुरशी पसरते. बुरशीची साधी मलमं खाज गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावावी लागतात.

बुटांच्या दोन जोड्या करा, आलटून पालटून घालायच्या. बोट आली की बूट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायचे, आतली गादी काढून वेगळी ठेवायची आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. तासाभराने ओले बोळे काढून कोरडे घालायचे. सावलीत, वाऱ्यावर. उन्हात किंवा इंजिनजवळ ठेवलेला बूट वरून वाळतो आणि सोल मरतो. मोजे लोकरीचे किंवा खेळाडू घालतात तसे सिंथेटिक. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो. बोटीवर जाताना चार जोड मोजे प्लास्टिकच्या डब्यात घालून द्या.

आणि रोज बूट घालण्याआधी आत हात घालून बघायची सवय त्यांना लावा. माझ्या बोटीवरच्या एका वयस्क खलाशाच्या बुटात खेकड्याच्या नांगीचा तुकडा दोन दिवस होता. त्यालाही शुगर होती, त्याला कळलंच नाही. मोजा लाल झालेला त्याच्या मुलीने पाहिला.

प्रश्न : पाण्यात पडलो तर गमबुटात पाणी भरून माणूस बुडतो, हे खरं का?
— एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : पाण्यात असताना बुटातल्या पाण्याचं वजन खाली ओढत नाही, कारण बाहेरही पाणीच असतं. पण पाय मारणं जड जातं, आणि होडीवर चढायला गेलास की बुटातलं दोन-तीन लिटर पाणी प्रत्येक पायाला लोंबतं. तिथे माणूस थकतो. म्हणून पहिलं लाइफ जॅकेट, बूट त्यानंतर. आणि बूट पाण्यात काढता आले पाहिजेत. हे घरी बसून कळत नाही. चांगलं पोहणाऱ्या दोघांना सोबत घे, शांत दिवस बघ, जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतर, बूट भरू दे, मग एका पायाच्या पंजाने दुसऱ्याची टाच दाबून तो उतरव. पहिल्या दिवशी नाही उतरला तर बूट फार घट्ट आहे, तो बदलून आण.