लहानपणापासून घडवणारा क्लब सोडणाऱ्या फुटबॉलपटूला कृतघ्न म्हणावं का? आणि त्या क्लबच्या हाती काय लागतं?

नाही, सरसकट कृतघ्न म्हणता येणार नाही. आणि पैशाचं म्हणाल तर घडवणाऱ्या क्लबचा वाटा फिफाच्या ट्रान्सफर नियमांतच ठरवून दिलेला आहे. करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, की रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ पर्यंतच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढे अर्धा. म्हणजे पोरगा १० कोटींना गेला आणि तुमच्या मैदानावर ते पहिले चार हंगाम घाम गाळला असेल, तर १० लाख तुमचे. छोट्या क्लबला ही रक्कम थोडी नाही.

गोची आहे ती करार संपवून फुकट जाण्यात. ट्रान्सफर फीच नाही, तर टक्के कशाचे? ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड सहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकादमीत आला आणि २०२५ मध्ये कराराच्या शेवटी रिअल माद्रिदला निघाला, तेव्हा लिव्हरपूलच्याच मैदानावर, अॅनफिल्डवर, घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. करार महिनाभर आधी सोडवायला माद्रिदने थोडे पैसे मोजले, पण त्याच्या बाजारभावापुढे ते किरकोळच. मला तरी ती हुर्यो जरा जास्तच वाटली. त्याच क्लबने नको असलेली अकादमीतली किती पोरं दरवर्षी घरी पाठवली, त्यांच्यासाठी कोण ओरडतं?