कोविड मदतीचा अर्ज ‘नोंद आढळत नाही’ म्हणून फेटाळला असेल तर

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांची गावच्या कॅम्पमध्ये अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह आली, नांदेडच्या खासगी दवाखान्यात ते वारले, मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही आणि ५० हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज ‘पॉझिटिव्ह असल्याची नोंद आढळत नाही’ असा शेरा मारून परत आला. आमच्या मोठ्या भावाचं अगदी हेच झालं होतं. तुमचा जिल्हा परभणी, आमचा हिंगोली, एवढाच फरक.

आधार, पासबुक, बाकी वारसांची ना हरकत हे तुम्ही केलेलंच असणार, त्यात जात नाही. मी वकील नाही. आम्हाला जे लागू पडलं ते सांगतोय, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकतं.

दाखला बदलून घेण्याच्या मागे अजिबात लागू नका. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतंच, कायद्यानेच ते दाखल्यावर देता येत नाही. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या नमुना ४ मध्ये, घरी मृत्यू झाला असेल तर ४अ मध्ये. शिवाय मृत्यू नांदेडला झाला म्हणजे नोंदही तिथल्या महापालिकेकडे. गावच्या ग्रामसेवकाच्या हातात काहीच नाही, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. आणि दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात स्पष्ट म्हटलंय. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो कोविड मृत्यूच धरायचा, मग तो दवाखान्यात होवो की घरी. दवाखान्यात भरती असताना ३० दिवस उलटून गेले आणि त्याच भरतीत माणूस गेला तरीही. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह होता असं कुणी म्हणालं तर हा नियम पुढे करा.

आता खरी मेख. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते तालुक्याचं एक आरोग्य कार्यालय. नाव लिहीत नाही. तिथे कॉम्प्युटरवर भावाचं नाव टाकायचे, यादी कोरी यायची आणि उत्तर मिळायचं, “नाव नाही म्हणजे टेस्टच झाली नाही.” कॅम्पचं मूळ रजिस्टर काढून बघा म्हटलं तर ते ‘वर जमा केलंय’. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. अर्ज ठेवून घ्यायचे, पण पोच मागितली की शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब मीटिंगला. त्यामुळे वरच्या तक्रार निवारण समितीकडे गेलो तेव्हा हातात लेखी असं काहीच नव्हतं. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

वाट दाखवली ती आमच्या आशाताईंनी. भावाकडे फोन नव्हता, म्हणून शाळेतल्या कॅम्पला नावापुढच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा मोबाईल नंबर दिला होता. त्यांच्या वहीत तारीख, घर क्रमांक, ऑक्सिजनचं रीडिंग आणि पुढे लाल पेनाने ‘पॉझि.’ असं सगळं होतं. त्यांच्या नंबरवरून शोधल्यावर नोंद लगेच सापडली. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं होतं आणि वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती. तुम्हीही आधी तुमच्या आशाताईंना भेटा. त्या वेळी घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन याच बाया फिरल्या, आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांनाच राज्यभर संप करावा लागला. ही गोष्ट मला अजून खुपते.

एप्रिल २०२१ मध्ये डेटा भरताना चूक झाली याबद्दल माझा राग नाही. तेव्हा पोरं रात्र रात्र बसून नोंदी टाकत होती. राग आहे तो लाट ओसरल्यावरही ती चूक दुरुस्त करून न देणाऱ्यांवर. त्यात गावातला कॅम्प जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा आणि मृत्यूची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या महापालिकेची. या दोन याद्या जुळवून बघणं हे खात्याचं काम होतं, ते घरच्यांवर टाकलं गेलं.

आता काय करायचं? प्राथमिक आरोग्य केंद्राकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि कॅम्पच्या तारखेच्या रजिस्टरची तुमच्या वडिलांपुरती नक्कल मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अर्ज हातोहात देऊ नका, स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. दवाखान्याकडून केस पेपर आणि एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) रिपोर्ट घ्या. बिल नीट बघा: पीपीई किटचे पैसे लावलेत का, कोविड वॉर्ड लिहिलंय का? रेमडेसिविरची चिठ्ठी असेल तर तीही जोडा. अंत्यविधी पालिकेच्या लोकांनी केला असेल तर स्मशानभूमीतली नोंद मागा. दवाखान्यात भरती असताना डॉक्टरांनी तपासण्यांवरून कोविड ठरवला असेल तर तोही नियमात बसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हे सगळं घेऊन तक्रार निवारण समितीकडे जा. तिच्यात अतिरिक्त जिल्हाधिकारी असतात, डॉक्टर असतात, आणि तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. मुदत संपली असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. सुप्रीम कोर्टाच्या २४ मार्च २०२२ च्या आदेशात जुन्या मृत्यूंसाठी ६० दिवसांची मुदत होती ती नव्या दाव्यांना, तुम्ही अर्ज आधीच केला होता. त्या अर्जाचा नंबर तक्रारीत सगळ्यात वर लिहा.

आईंचं संजय गांधी निराधार योजनेत बसतंय का, तेही तहसीलला जाल तेव्हा विचारून या. आमच्या तक्रार अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. आशाताईंकडून तारीख आणि मोबाईल नंबर मिळाला की मेसेज करा, पाठवतो.