"माझं काम त्यांनी आधीच करून टाकलं, मॅडम"

गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता समोरचा हॅलो म्हणतानाच मला कळतं. कधी आईवडील विचारतात, कधी मुलं स्वतः. एआयमधे पीएचडी चाललीय, पण सगळं तर मोठ्या कंपन्याच करून टाकतायत, आपल्याकडे ना तेवढे जीपीयू (एआयला शिकवायला लागणाऱ्या महागड्या चिप) ना तेवढा पैसा, मग पाच-सहा वर्षं घालवून हातात काय उरणार? मी काउन्सेलर, काही कम्प्युटरवाली नाही, एक्सेलच्या पुढे माझी गाडी जात नाही, त्यामुळे फील्डचं भविष्य कृपया मला विचारू नका. एका मुलाचं काय झालं ते सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

2023 चा फेब्रुवारी. अपॉइंटमेंट आईने घेतली होती, कुडाळहून फोन करून. "मॅडम, त्याला जरा समजवा हो, चार वर्षं झाली, काय ता पीएचडी, संपतच नाय, त्याच्याबरोबरची पोरं बंगलोरला फ्लॅट घेऊन बसली." आला तो एकटाच. वय 29, दाढी वाढलेली, लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही. विषय मराठी स्पीच रेकग्निशन, म्हणजे आपण बोलायचं आणि मशीनने ते लिहून काढायचं. तीन वर्षं तो एक मॉडेल, म्हणजे हे काम शिकवलेला प्रोग्राम, बनवत होता आणि सप्टेंबर 2022 मधे ओपनएआय या अमेरिकन कंपनीने तेच काम करणारं व्हिस्पर आणलं. (मला व्हिस्पर म्हटल्यावर टीव्हीवरची वेगळीच जाहिरात आठवली, तोंडावर येऊ दिलं नाही.) सहा लाख ऐंशी हजार तासांच्या ऑडिओवर शिकवलेलं, शंभरच्या आसपास भाषा, त्यात मराठीही. कोड, मॉडेल सगळं फुकट डाउनलोड करा. मग दोन महिन्यांत त्याच कंपनीचं चॅटजीपीटी आलं, आणि गावाकडचा मामा सुद्धा विचारायला लागला की तू करतोस ते हेच ना रे.

"माझं काम त्यांनी आधीच करून टाकलं, मॅडम. मी बैलगाडीला रंग देत बसलो होतो आणि शेजारून एक्सप्रेस गेली." हे वाक्य त्याने इतकं सराईतपणे म्हटलं की मला कळलं, हे त्याने स्वतःला रात्री कितीतरी वेळा ऐकवलेलं आहे.

मी आधी झोपेचं विचारलं, नेहमीच विचारते. तीनला झोपतो, साडेसहाला उठतो. साडेसहाच का? तर अर्काइव्ह म्हणून एक साइट आहे, जगभरातले संशोधक आपले पेपर जर्नलमधे छापून यायच्या आधीच तिथे टाकतात, आणि रोजची नवी यादी अमेरिकेतल्या रात्री आठला लागते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. तर हा मुलगा सोमवार ते शुक्रवार अलार्म लावून उठायचा, का, तर आपली आयडिया आज कोणी छापली का बघायला. डोळे चोळत अंथरुणातच शंभर-दीडशे टायटल्स चाळायचा. मार्चमधे अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली तशी ती यादी आपल्याकडे साडेपाचला यायला लागली आणि हा साडेपाचला उठायला लागला! मी ऐकून थक्क झाले. पेपरवाल्याच्या आधी उठणारा पीएचडीवाला मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या सेशनला मी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात भरतात असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. तो म्हणाला, तसं नाही, पण सकाळ झालीच नाही तर बरं असं वाटतं. मग मी थांबले नाही, त्याच आठवड्यात सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं आणि एप्रिलपर्यंत औषधाने झोप बऱ्यापैकी रुळावर आली. करिअरच्या गप्पा त्याआधी मारण्यात काही अर्थ नसतो. तीन तास झोपलेल्या माणसाला कुठलंही करिअर बुडीतच दिसतं.

अर्काइव्हचं आम्ही ठरवलं की फक्त शनिवारी नाश्त्यानंतर बघायचं. पहिले दोन आठवडे साफ फसलं. मग लॅबमधल्या एका ज्युनिअर मुलीला त्याने सांगितलं की स्पीचचं काही खरंच मोठं आलं तर तूच मला सांग, बाकी मी बघणार नाही. ते चाललं. दीड महिन्यात तिने फक्त चार लिंका पाठवल्या.

एकदा तो रिजेक्ट झालेल्या पेपरचे रिव्ह्यू प्रिंट काढून घेऊन आला, एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली, नावीन्य मर्यादित आहे अशा अर्थाची. मी म्हटलं यावर तुझं काय मत? तर त्यानेच मला एका प्रयोगाची माहिती दिली. न्यूरिप्स म्हणून त्यांची सगळ्यात मोठी कॉन्फरन्स आहे, 2014 साली तिथे आयोजकांनी 166 पेपर दोन वेगवेगळ्या कमिट्यांना दिले, एकमेकींना काही न कळवता. 43 पेपरांवर दोघींचे निकाल उलटे आले, आणि एका कमिटीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारलेले निघाले. "पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे सांगत असतो, रिजेक्शन मनाला लावून घेऊ नका म्हणून." आणि स्वतःला? गप्प. जरा वेळाने म्हणाला, "माझा पेपर खरंच वाईट असेल ना पण."

माहिती असल्याने माणूस सुटतो असं नाही, हे मी रोज बघते. म्हणूनच एआयमधले थोर संशोधक जेफ्री हिंटन यांची गोष्ट सांगून पोरांना धीर द्यायची जी फॅशन आलीय ती मला आवडत नाही. आजच्या एआयच्या मुळाशी असलेल्या न्यूरल नेटवर्कला कोणी फारसं विचारत नव्हतं तेव्हाही तो माणूस चिकटून राहिला, 1986 चा त्यांचा पेपर, 2012 मधे विद्यार्थ्यांसोबत जग हलवलं, 2024 ला फिजिक्सचं नोबेल. खरंय सगळं. पण त्याच काळात कितीतरी हुशार लोक तो नाद सोडून दुसरीकडे गेले, संसार केले, चांगली कामं केली, ते काय चुकले? तुटपुंज्या फेलोशिपमधे, तीही तीन-तीन महिने उशिरा येणारी, कोणी म्हटलं मी आता नोकरी बघतो, तर मी त्याला नोबेलची गोष्ट नाही सांगणार. बायोडेटा बघू म्हणेन.

खरा बदल ज्या दिवशी झाला तो मी काही ठरवून आणला नव्हता. एप्रिलची संध्याकाळ, एसी बंद पडलेला, दोघंही वैतागलेलो. मी म्हटलं, अरे सारखं व्हिस्पर व्हिस्पर करतोस, मला एकदा दाखव तरी. बॅग उघडली. आधी बातम्यांची क्लिप लावली, बरंचसं बरोबर लिहिलं, शब्द मधेमधे तोडलेले. मग त्याने फोनमधून आजीचं रेकॉर्डिंग लावलं. आजी म्हणतेय, "आज बाजाराक गेल्लंय, पण बांगडे गावले नाय." म्हणजे मिळाले नाहीत. मशीनने बांगड्यांच्या शेजारी चक्क 'गावाला' लिहिलं, आणि पुढे जिथे आजी नुसती थांबली होती तिथे एकच वाक्य चार वेळा. हा मोठ्याने हसला. "आजी बाजारात गेलीय आणि ह्याने तिला गावाला पाठवलंय!"

आणि मग बोलत सुटला. शांततेतही हे मॉडेल स्वतःच्या मनाने शब्द का घालतं, मालवणीत क्रियापदाचा शेवट बदलला की ते कुठे घसरतं, वीसेक मिनिटं, माझ्या पॅडवर पेनाने आकृत्या काढून. मला त्यातलं दहा टक्के कळलं असेल, मी फक्त बघत होते की बॅग पहिल्यांदाच जमिनीवर आहे.

मी एवढंच विचारलं, त्यांनी मराठीचं किती ऑडिओ वापरलं? आकडा त्याला माहीत नव्हता. ज्या पेपरने झोप उडवली होती तो त्याने पुरता वाचलेलाच नव्हता, सुरुवात आणि मोठे आकडे बघून लॅपटॉप मिटला होता. रात्री त्याचा मेसेज आला, मागच्या परिशिष्टात भाषावार तक्ता आहे, हिंदी ऐकून हिंदीत लिहायला शिकवणारं ऑडिओ 12 तास आणि मराठीचं एक तासही नाही. सहा लाख ऐंशी हजारातला! पुढे तीन उद्गारचिन्हं.

इथून पुढे सगळं छान झालं असं समजू नका. गाइडशी बोलायला त्याला अजून पाच आठवडे लागले. सेशनमधे मी गाइड व्हायचे आणि तो बोलून बघायचा, मी जरा जास्तच खडूस व्हायचे बहुतेक. प्रत्यक्षात सर म्हणाले, मला वाटलं तुझं यातून मन उडालं, म्हणून मी विषय काढला नाही. पाच महिने दोघं एकाच कॉरिडॉरमधे एकमेकांना चुकवत होते. तीन वर्षांचं मॉडेल शेवटी बाजूला ठेवावं लागलं, त्याचं त्याला वाईट वाटलं, एका सेशनला तो त्यासाठी रडलाही, आणि मी त्याला ते वाया गेलं नाही वगैरे म्हटलं नाही. थीसिसचा विषय वळवला, तयार मॉडेल घ्यायचं आणि ते मालवणीत कुठे, का चुकतं ते शोधायचं. त्याला जीपीयू कमी लागतात, माणसं जास्त लागतात. सुट्टीत कुडाळ, वेंगुर्ला, मालवण फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची रेकॉर्डिंग केली. जूनमधे सरकारने फेलोशिप वाढवली, 35 हजारांची 42 हजार, जानेवारीपासूनच्या फरकासकट, त्यातून रेकॉर्डर घेतला. वर्षभराने एका वर्कशॉपला पेपर लागला. आईने फोनवर विचारलं, ह्याचे पैसे किती मिळतात?

आमची सेशन्स 2023 च्या डिसेंबरमधे थांबली. नंतर एकदा त्याचा मेसेज, मॅडम तुमच्या ओळखीत पुण्यात मालवणी बोलणारं कोणी आहे का, साठीच्या वरचं. क्लायंटला असं कोणाशी जोडून देणं आमच्या शिस्तीत बसत नाही खरं तर, पण खालच्या मजल्यावरच्या काकू सावंतवाडीच्या, त्यांना विचारलं तर त्या साडी बदलूनच बसल्या. दीड तास बोलल्या. त्यातला पाऊण तास सुनेबद्दल होता आणि रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाल्या, झिला, ता पुसून टाक हां.