जर्मन संगीतकार बाख मृत्यूनंतर खरंच विस्मृतीत गेला होता का?

अर्धंच खरं. मैफलींचे श्रोते विसरले, संगीत शिकणारे-शिकवणारे नाही.

1750 मध्ये लाइपझिगला तो वारला तेव्हा त्याची शैली जुनाट ठरली होती. त्याचा फ्यूगांचा (एकच चाल वेगवेगळे आवाज पाठोपाठ उचलतात अशा रचनांचा) संग्रह 'आर्ट ऑफ द फ्यूग' 1751 मध्ये छापला, पण खप इतका कमी की 1756 मध्ये मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, छपाईचे तांब्याचे पत्रे विकायला काढले.

कीबोर्डसाठीचं त्याचं 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर' मात्र हस्तलिखित नकलांमधून गुरूकडून शिष्याकडे जात राहिलं. 1722 च्या पहिल्या भागात 12 मेजर आणि 12 मायनर स्केलमध्ये प्रत्येकी एक प्रिल्यूड (आधी वाजवायची छोटी रचना) आणि एक फ्यूग आहे. बॉनमध्ये लहानग्या बीथोव्हेनचा हात यावरच तयार झाला. छापील आवृत्ती 1801 ची!

मग 11 मार्च 1829. बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या संगीतकार मेंडेलसोनने बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूवरची मोठी गायनरचना) सादर केलं आणि बाख लोकांपर्यंत परतला. पण मेंडेलसोनने बरेच आरिया (एकल गाणी) गाळले, ओबो या फुंकवाद्याच्या जुन्या प्रकारांच्या जागी क्लॅरिनेट घेतले. म्हणजे लोकांनी ऐकलं ते कापलेलं रूप. बाखच्या सगळ्या रचनांच्या समग्र आवृत्तीचं काम 1850 ला सुरू होऊन 1899 पर्यंत चाललं.

ऐकायला सुरुवात 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या पहिल्या भागातल्या सी मेजर प्रिल्यूडने करा. 35 बारच (ठरावीक मात्रांचे छोटे गट) आहेत. चाल शोधत बसू नका (रागसंगीताचा कान नेमका तिथेच अडखळतो). सर्वांत खालचा स्वर धरा. शेवटाकडे तो आठ बार पंचमावर अडून राहतो, मग षड्जावर येतो. सगळा ताण तिथे आहे.