अर्थ न कळताही जपानी विरहगीते इतकी उदास का वाटतात?

भाषेचा गंध नसतानाही जपानी विरहगीते ऐकताना गळा का दाटून येतो, असे आपण विचारले आहे. निम्मे उत्तर पेटीवर सापडते. पांढरी सहा हा षड्ज धरून सा, रे, कोमल ग, प आणि कोमल ध एवढेच स्वर वाजवून पाहावेत. एकाही काळ्या पट्टीला हात लागत नाही, आणि शिवरंजनीचा धैवत कुणीतरी कोमल केल्यासारखे वाटते. एन्का या लोकप्रिय गीतप्रकारातील कितीतरी गाणी याच पाच स्वरांवर उभी आहेत.

उरलेले निम्मे शब्दांत आहे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. ही गाणी दुःखापेक्षा गावांची नावे अधिक घेतात. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे 'एसाशी ओइवाके' हे लोकगीत मुळात मध्य जपानातील शिनानोच्या डोंगरवाटेवर घोडे हाकणाऱ्यांचे. ते गलबतांबरोबर उत्तरेला गेले आणि हेरिंग मासळीवर जगणाऱ्या एसाशी बंदरात रुजले. त्याच्या एका कडव्यात म्हटले आहे, की ओशोरो आणि ताकाशिमा काही आवाक्यातली नाहीत, पण निदान उतासुत्सु आणि इसोयापर्यंत तरी. नकाशा उघडला की मेख कळते. मध्ये कामुई भूशिर आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या पलीकडे जाण्यास स्त्रियांना बंदी होती. मासेमारीला निघालेल्या माणसाला गाण्यातली स्त्री 'जाऊ नकोस' म्हणत नाही. बंदीच्या अलीकडची सोबत तेवढी मागते. ७-७-७-५ अशा अवघ्या २६ अक्षरांचे हे मागणे गायक दोन मिनिटांहून अधिक लांबवतो, आणि शाकुहाची ही बांबूची बासरी त्याच्या श्वासाला श्वास लावून चालते.

१९७७ चे 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' हे एन्का गीतही (शब्द आकू यू यांचे, स्वर इशिकावा सायुरी यांचा) असेच स्थळांवरून चालते: उएनोहून सुटलेली रात्रीची गाडी, बर्फातले आओमोरी स्थानक, मग बोट. 'ते पाहा, तात्तपी भूशिर,' असे कुणी अनोळखी माणूस दाखवतो. प्रियकराला सोडून निघालेली ती आपल्याच श्वासाने धुरकटलेली काच पुसते, तरी दूरवर धुकेच दिसते. १९८८ मध्ये समुद्राखालून रेल्वेचा बोगदा झाला आणि त्या बोटी बंद पडल्या. आपण सुरुवात याच गाण्यापासून करावी, कारण ओइवाकेचे लांबलेले स्वर कानाला सरावायला थोडा वेळ लागतो.