समांतर रेषेचं समीकरण : ताळा बरोबर येतोय तरी उत्तर का चुकतंय?

तुझा प्रश्न असा की (२, −१) मधून जाणारी आणि ३क्ष − ४य + ५ = ० ला समांतर रेषा काढायचीय, तुझं उत्तर ३क्ष + ४य − २ = ० आलंय, पुस्तकात ३क्ष − ४य − १० = ० आहे, आणि बिंदू घालून ताळा केला तर तुझंही बरोबर येतंय. (एक्स-वायच्या जागी क्ष आणि य टाइप करतोय, सारखा कीबोर्ड बदलायचा वैताग येतो.)

ताळा येणारच की. ६ − ४ − २ = ०, बिंदू तुझ्या रेषेवर आहेच. पण एका बिंदूतनं वाट्टेल तेवढ्या रेषा जातात, ती समांतर आहे का हे त्या ताळ्यात तू तपासलंसच नाहीस. चुकलंय ते चढात. चढ = −अ/ब (अ म्हणजे क्ष चा सहगुणक, त्याला जोडलेला आकडा, आणि ब म्हणजे य चा), आणि इथं ब म्हणजे −४, वजा चिन्हासकट, म्हणजे −३ भागिले −४, अधिक तीन चतुर्थांश. तू −३/४ धरलास आणि तुझी रेषा उलटीकडं झुकून पहिलीला छेदून गेली.

मी सांगलीत अकरावीचे क्लास घेतो, बरीच पोरं बरोब्बर इथंच घसरतात म्हणून मी असल्या गणितात चढ काढायलाच लावत नाही. ३क्ष − ४य जसंच्या तसं ठेव, +५ खोड, तिथं के लिही. बिंदू घाल : ६ + ४ + के = ०, के = −१०. झालं. चढ ठरतो तो क्ष आणि य च्या सहगुणकांवर, शेवटचा आकडा नुसता रेषेला बाजूला सरकवतो. क्ष = ७ सारखी उभी रेषा असली, जिथं चढ काढताच येत नाही, तिथंही हे चालतं. के परत ५च आला तर समज की बिंदू मूळ रेषेवरच होता.

पुढं तुला दोन रेषांमधलं अंतर विचारतील. ५ आणि −१० मध्ये फरक १५, म्हणून अंतर १५ लिहू नको, त्याला ९ + १६ (३ आणि ४ चे वर्ग) च्या वर्गमुळानं म्हणजे ५ नं भाग, अंतर ३. आणि आधी दोन्हीकडचे सहगुणक सारखे करून घे, एकीकडं ३क्ष − ४य आणि दुसरीकडं ६क्ष − ८य असलं तर फरक घेण्यात अर्थ नाही.

हा भागाकार मला वहीत कमी आणि उसाच्या रानात जास्त कळला. आमच्या पलूसच्या रानाचा एक बांध तिरका आहे, मी शहाणपणानं त्याच बांधावर टेप धरून पाच-पाच फुटांवर खुणा केल्या आणि ट्रॅक्टरवाल्यानं तिथनं सऱ्या सोडल्या. अण्णांनी सरीला काटकोनात टेप लावला तर चारच फूट! सऱ्या समांतर होत्या हो, एकदम सरळ, पण मी अंतर मोजलेलं तिरकं. त्या बांधाच्या हिशोबानं सऱ्यांचा चढ साधारण ४/३ पडत होता, म्हणजे पाच फुटी सरी पाहिजे असंल तर बांधावर सव्वासहा फुटाला खूण पाहिजे होती. चार ओळी मोडून परत पाडायला लागल्या, डिझेलचे पैसे अण्णांनी माझ्या खिशातनं घेतले.