'मोरिया' आणि आपला 'मोरया'

प्रश्न असा आहे: इंग्रजी लेखक टॉल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत मोरिया नावाचं पाताळनगर आहे. 'गणपती बाप्पा मोरया'तल्या मोरयाशी त्याचं काही नातं आहे का?

नाही. आपल्या मोरयाचा संबंध चिंचवडच्या मोरया गोसावींशी जोडतात, तर टॉल्कीनचा मोरिया नॉर्वेकडून आला. तिथल्या एका लोककथेत सोरिया मोरिया नावाचा किल्ला आहे. त्या कथेत टॉल्कीनला रस नव्हता, त्याला फक्त नावाचा नाद आवडला. हे त्याने १९६७च्या एका पत्राच्या मसुद्यात स्वतःच लिहून ठेवलंय. अर्थ त्याने आपल्या घडवलेल्या सिंदारिन भाषेतून दिला. त्या भाषेत 'मोर' म्हणजे काळा, म्हणून मोरिया म्हणजे काळं विवर. आणि हे नाव परक्यांनी पाडलेलं! ज्या ड्वार्फ, म्हणजे बुटक्या लोकांनी ते नगर खोदलं, ते त्याला खझाद-दूम म्हणतात. खऱ्या गावांच्या बाबतीतही असं किती वेळा होतं! मला हा तपशील फार आवडतो.

तोच 'मोर' त्याच कादंबरीतल्या मॉर्डोर या देशाच्या नावात आहे: काळा देश. पण जुन्या इंग्रजीत 'मोर्थोर' म्हणजे खून, आणि त्याचं मूळ आपल्या 'मृ' धातूशी जुळतं. मरण, मृत्यू, फारसीतून आलेला मुर्दा, सगळे त्याच कुळातले. टॉल्कीन १९२५पासून ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवत होता. 'मोर्थोर' त्याच्या कानात नसेल, हे मला पटत नाही.

मात्र आपले खरे आप्त जिथे ओळखू येत नाहीत तिथे भेटतात. टॉल्कीनच्या कथा जिथे घडतात ते मिडल-अर्थ हे जुन्या इंग्रजीतल्या 'मिद्दनयार्द'चं, म्हणजे माणसांच्या जगाचं, नवं रूप. त्यातला 'मिद्द' म्हणजे आपला 'मध्य'. कादंबरीतल्या रोहन या राज्याच्या राजाच्या वाड्याचं नाव मेडुसेल्ड. हा शब्द 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातही येतो. 'सेल्ड' म्हणजे दालन आणि 'मेडु' म्हणजे मधाची दारू. हा 'मेडु' आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. मराठीत त्या वाड्याला 'मधुशाला' म्हटलं तर दरबार जाऊन गुत्ता डोळ्यांपुढे येईल. मी 'मधुसभा' म्हणेन.